ओव्हर म्हणजे खतम नव्हे

सोलापुरात अशोक चौकाजवळ मी संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. येणारे बहुतेक जण टॉवेलच्या कारखान्यांतले. घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि मेल मात्र इंग्रजीत, अशी त्यांची रोजची ओढाताण.

त्या दिवशी क्लास भरायच्या आधीच एक जण मोबाइल पुढे धरून दारात उभा. "ऑर्डर गेली की ओ मॅडम!"

अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाचा मेल होता. टॉवेलच्या सँपलची बॉर्डर अरुंद झाली, 'प्लीज स्टार्ट ओव्हर'. ओव्हर म्हणजे खतम, गेम ओव्हरसारखं, असं धरून मालकांनी तो माग दुसऱ्या मालाला लावायला सांगितलं होतं.

ऑर्डर होती तिथेच होती. हा ओव्हर 'ओव्हर अँड ओव्हर'मधला, म्हणजे परत. झालेलं बाजूला ठेवा आणि पहिल्यापासून करा, एवढंच ते गिऱ्हाईक म्हणत होतं.

"म्हणजे पुनश्च हरिओम," मागच्या बाकावरून एकीने सांगितलं. आमच्या क्लासात असा एक हुशार असतोच, आणि पुढचा अर्धा तास त्यातच जातो. टिळकांनी तुरुंगातून सुटल्यावर 1899 मध्ये 'केसरी'त त्या नावाचा अग्रलेख लिहिला, तो थांबलेलं काम पुढे नेण्यासाठी. आधीचं मोडीत काढायला नव्हे. जून 2020 मध्ये लॉकडाउन सैल करताना राज्य सरकारचं 'मिशन बिगिन अगेन' आलं, तेव्हाही मराठीत हेच शब्द फिरले.

"तेव्हा आम्ही मागावर राहिलेला बीमच, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळच, पुढं विणला," मोबाइलवाला म्हणाला.

बरोबर. ते रिझ्यूम, थांबलं तिथून पुढे. स्टार्ट ओव्हरमध्ये बॉर्डरचं डिझाइन नव्याने काढायचं, जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणारी भोकांची, कार्डं परत पंच करायची. ब्रिटिश माणूस बहुधा 'स्टार्ट अगेन' लिहितो. त्यात थांबलो तिथून की मुळापासून, हे संदर्भावरून ओळखावं लागतं. अमेरिकन ओव्हरमध्ये तो घोळ नाही.

"मग पहिल्या सँपलचा खर्च कुणाचा?"

ते त्या दोन शब्दांत कुठेच नव्हतं. म्हणून तिथेच उत्तर लिहायला घेतलं. बॉर्डर किती सेंटिमीटर हवी, जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, तोच ठेवायचा का, एवढं मी सांगितलं. पैशांचा प्रश्न त्याने स्वतःच टाइप केला, एकही स्पेलिंग न चुकता.