लॅक्टेट किती ते नंतर, नमुना कधीचा ते आधी

सेप्सिसची (संसर्गामुळे अवयव बिघडू लागण्याची) शंका असलेल्या लेकराचा लॅक्टेट, म्हणजे पेशींना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ, ४.५ (लिटरला मिलिमोल) आला की वॉर्डात धावपळ सुरू होते. व्हायलाच हवी. पण नागपुरात नवतपा चालू आहे, पारा ४५ ला टेकलाय आणि नमुना साध्या ट्यूबमध्ये, स्कूटरच्या डिकीतून बाहेरच्या लॅबला गेलाय, तर त्या ४.५ मध्ये लेकराचा वाटा किती आणि डिकीचा किती?

ट्यूबमधल्या लाल पेशी जिवंतच असतात. त्या साखर खातात आणि लॅक्टेट सोडतात, उकाड्यात तर जास्तच. म्हणून राखाडी टोपणाची ट्यूब वापरायची. तिच्यातलं सोडियम फ्लोराइड ही साखळी मध्येच तोडतं, पण रक्त भरल्याबरोबर ट्यूब आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी केली तरच. 'नंतर हलवू' म्हणून ट्रेमध्ये ठेवलेली राखाडी ट्यूब ही साधीच ट्यूब समजा. मग बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची (नुसत्या बर्फाला चिकटली तर पेशी फुटतात) आणि १५ मिनिटांच्या आत सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करायच्या). ब्लड गॅस मशीन (रक्तातले वायू आणि लॅक्टेट जागेवर मोजणारं) जवळ असेल तर हा खटाटोप टळतो, हेपरिनची (रक्त गोठू न देणारी) सिरिंज थेट मशीनवर न्यायची.

नमुना उशिरा पोचल्याची एक खूण असते: लॅक्टेट चढलेला आणि त्याच ट्यूबमधली साखर उतरलेली. त्याच वेळी बेडवर ग्लुकोमीटरने साखर ९२ आणि लॅबमध्ये ५८ असेल, तर आधी ट्यूबवर संशय घ्या.

रक्त काढतानाही घोळ होतो. पट्टा फार वेळ आवळलेला, पोर आकांताने रडतंय, नुकतीच फीट येऊन गेलीय, या सगळ्यांनी आकडा वाढतो. ज्या हाताला रिंगर लॅक्टेट चालू आहे त्या हातातून रक्त घेणं तर निव्वळ चूक. त्या सलाइनमध्ये लिटरला २८ मिलिमोल लॅक्टेट असतं. नमुन्यात ते दहा टक्के मिसळलं तरी आकडा अडीचने फुगतो.

एकक बघायचं विसरू नका. काही लॅब मिलिग्रॅममध्ये (डेसिलिटरला) रिपोर्ट देतात, त्याला ९ ने भागायचं. ३६ म्हणजे ४.

मुलांमधला सेप्सिस ठरवण्याच्या २०२४ च्या फीनिक्स निकषांत लॅक्टेट ५ ते १०.९ असेल तर १ गुण, ११ किंवा त्याहून जास्त असेल तर २. पण पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा जास्त बोलतो. दोन ते चार तासांनी पुन्हा पाठवा. ६ वरून ४.२ वर आला म्हणजे ३० टक्के घट, उपचार लागू पडताहेत. उलट, रक्तदाब सावरायला ॲड्रेनालिन सुरू केल्यावर आकडा चढला तर लगेच घाबरू नका, औषधानेही तो चढतो. हातपाय कोमट आहेत का, लघवी तासाला किलोमागे १ मिली होतेय का, ते बघा. आणि लॅक्टेट १.८ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. नखाखालचा रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर लेकरू शॉकमध्ये (अवयवांना रक्त कमी पडतंय अशा अवस्थेत) असू शकतं. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात, कोणत्याही रिपोर्टची वाट न बघता.

लॅक्टेटबरोबर सीआरपी आणि पीसीटी (प्रोकॅल्सिटोनिन) या सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही होतात. सीआरपी उशिरा चढतो. पहिल्या सहा तासांतल्या नॉर्मल सीआरपीवर भरवसा नको. पीसीटी लवकर चढतो आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण रोज निम्मा होतो, म्हणून अँटिबायोटिक थांबवताना तो कामाचा. नवजात बाळात पहिले दोन दिवस पीसीटी तसाही वाढलेला असतो. आपल्याकडे सिकलसेलची लेकरं बरीच, त्यांना नुसत्या दुखण्याच्या क्रायसिसमध्येही सीआरपी चढतो. त्यांच्या तापाला मात्र आकडे जुळवत बसू नये, प्लीहा बहुधा निकामी झालेली असते, म्हणून संसर्ग झपाट्याने बळावू शकतो.

पर्सिव्हिअरसारखे पाच प्रथिनांचे पॅनल पहिल्या २४ तासांच्या रक्तावरून मृत्यूची जोखीम सांगतात, पण आपल्या रोजच्या रिपोर्टात ते नाहीत.

पावसाळा सरता सरता विदर्भात पीसीटी १० आला म्हणून सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक लावून थांबू नका. स्क्रब टायफसमध्येही (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) पीसीटी चढतो आणि त्याला हे औषध चालत नाही, डॉक्सीसायक्लिन लागतं. लेकराचे सगळे कपडे काढा आणि काख, जांघ, कानामागे चाव्याची काळी खपली शोधा.