आधी माग, मग घर

सोलापूरच्या पूर्व भागात घराचा नकाशा काढायला बसलं की वास्तुशास्त्र, देवघर वगैरे मागाहून येतं. "साहेब, बेडरूमचं बघू नंतर. खाली माग किती बसतात तेवढं सांगा," हे पहिलं. इथल्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या, घरांत खाली यंत्रमाग आणि वर संसार, ही जुनी रीत.

कॉलेजात गॉटफ्रीड सेम्पर शिकलो होतो. या जर्मन वास्तुविशारदाने 1851 मध्ये मांडलं, की भिंतीचं मूळ दगडात नाही, विणलेल्या चटईत आहे. चटई आडोसा करते, तीच खरी भिंत. पाठीमागचं बांधकाम तिला आधार द्यायला. त्याच वर्षी लंडनच्या प्रदर्शनात त्याने त्रिनिदादच्या झोपडीची प्रतिकृती पाहिली, तिच्यात त्याला याचा पुरावा दिसला. पटतं. पण सेम्परच्या चटईला वजन नव्हतं, आमच्या मागाला आहे.

चादरीची नक्षी जेकार्डवर निघते. भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ फिरते, भोक असेल तसा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. हे सगळं यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं. दहा फुटी स्लॅबखाली ते मावतच नाही, म्हणून तळमजला उंच घ्यावा लागतो आणि जिन्याला पायऱ्या वाढतात. त्या उंचीवरून घरातल्या म्हाताऱ्या माणसांची बोलणी मी खातो! शिवाय आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचे हादरे. मागाचा पाया भिंतीच्या पायाला जोडला, तर गिलाव्याला भेगा गेल्याच म्हणून समजा.

उजेडाचंही तसंच. जुन्या कापडगिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी असायची आणि काचा उत्तरेकडे. ऊन थेट आत येत नाही, तुटलेला धागा दिसतो. मी खिडक्या शक्यतो उत्तरेला टाकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात सूत वाळून तुटतं ते वेगळंच.

हल्ली मोठ्या शहरांत इमारतीच्या तोंडावर विणीची जाळी लावून 'हातमागाची प्रेरणा' म्हणतात. दिसतं छान. मागवाल्याला मात्र ते दाखवू नका, तो आधी विचारेल धूळ कोण पुसणार.

आता काही जण माग विकून मोकळे होतात आणि त्या उंचीत पोटमाळा मागतात. पोटमाळा सोपा आहे. मागाखालचं काँक्रीट फोडायला जास्त पैसे जातात, हे मी आधीच सांगून ठेवतो.