रिकाम्या गोण्यांचा कोपरा

कारखान्यांतली हवा मोजणं हे माझं काम. कामगाराच्या कमरेला छोटा पंप बांधायचा, नळी पाठीवरून कॉलरपर्यंत आणायची, नाकाजवळ फिल्टर अडकवायचा आणि पाळी संपेपर्यंत त्या माणसाच्या मागेमागे राहायचं. पंप मिनिटाला साधारण २ लिटर हवा ओढतो. फिल्टरवर जे बसतं, ते त्या माणसाच्या श्वासाच्या टप्प्यात होतं, एवढं खात्रीने सांगता येतं. त्या दिवशी मी केबलच्या आवरणासाठी प्लास्टिकचा दाणा तयार करणाऱ्या एका कारखान्यात होते. या दाण्यात आगरोधक पावडर मिसळतात, आणि बोलावणं त्या पावडरीसाठीच होतं.

पावडरी खरं तर दोन. एक ब्रोमीन असलेली, दुसरी अँटिमनी ट्रायऑक्साइडची. प्रमाण साधारण तीनास एक. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही मैद्यापेक्षा बारीक. केबल तापली की पहिलीतून ब्रोमीन सुटतं, अँटिमनीशी जुळून वायू होतं आणि ज्वालेत शिरून आग पुढे नेणारे कण पकडून ठेवतं. आग तिथेच मंदावते. बोगद्यातली किंवा रुग्णालयाच्या भिंतीतली वायर पेटत जात नाही, यामागे ही रसायनं असतात. त्यामुळे ‘विष आहे, बंद करा’ एवढं बोलून मला हात झटकता येत नाहीत. पण वायरमुळे वाचणारी माणसं एक आणि गोण्या उपसणारी माणसं दुसरी, हेही मला विसरता येत नाही.

मिक्सरजवळ पोचण्याआधीच व्यवस्थापकांनी सांगितलं, “मॅडम, बंदी असलेलं डेका आम्ही केव्हाच सोडलं. आता वापरतो ते वेगळं आहे.” ते खरंच सांगत होते, गोणीवरचं नाव मी स्वतः वाचलं. डेका म्हणजे जुनं ब्रोमीनवालं आगरोधक. त्याच्या रेणूत ब्रोमीनने लगडलेली दोन कडी ऑक्सिजनच्या एका अणूने जोडलेली असतात. नव्या रसायनात त्या ऑक्सिजनच्या जागी कार्बनचे दोन अणू आहेत. ब्रोमीनचे अणू तेवढेच, दहा. एवढ्या फरकाला ‘वेगळं’ म्हणावं का, हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या कारखान्यांत विचारते आहे.

कारण या रसायनांचा इतिहासच तसा आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पीबीबी नावाचं आगरोधक चुकून गुरांच्या खाद्यात गेलं आणि दुधामांसातून राज्यभर पसरलं. १९७७ मध्ये मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत वापरलं जाणारं ‘ट्रिस’ हे आगरोधक बंद करावं लागलं. पीबीबीची जागा पुढे ज्या पीबीडीई कुळाने घेतली, त्यातली पेंटा आणि ऑक्टा ही मिश्रणं २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे लवकर नष्ट न होणाऱ्या घातक रसायनांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आली; डेका २०१७ मध्ये. दर वेळी बदली रसायन आलं ते जुन्याच्या सख्ख्या भावासारखं. आणि दर वेळी सगळ्यात आधी ते श्वासात घेतलं ते कारखान्यातल्या माणसाने.

मिक्सरवर एक वयस्क काका होते. त्यांचं काम बघून मला बरं वाटलं. २५ किलोची गोणी हॉपरच्या, म्हणजे मिक्सरवरच्या नरसाळ्याच्या तोंडावर ठेवायची, खालून कापायची, पावडर आत सोडायची. हॉपरला शोषक हूड होता आणि तो नुसता दाखवायला नव्हता. धुराची नळी धरली तर धूर सरळ आत ओढला जात होता. काकांच्या तोंडावर चांगला मास्क, हातात मोजे. “आधी भुवया पांढऱ्या व्हायच्या,” ते म्हणाले, “हूड बसला तेव्हापासून होत नाहीत.” आधीच्या तपासण्यांचे कागद मला दाखवले गेले होते. काकांच्या पंपावर अँटिमनी मर्यादेच्या बऱ्याच खाली. पुष्कळ देशांत ही मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. ब्रोमीनवाल्या पावडरीला मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःची मर्यादाच नाही. ती साधी धूळ म्हणून मोजली जाते.

काका रिकामी गोणी मागे टाकत होते. मागे म्हणजे हूडच्या बाहेर, भिंतीलगतच्या ढिगावर. तिथे एक मावशी बसून गोण्या सरळ करत, गुडघ्याने दाबून हवा काढत, घडी घालून गठ्ठे बांधत होत्या. तोंडाला ओढणी. हात मोकळे. अधूनमधून उठून त्या मिक्सरभोवती झाडू मारून यायच्या.

मी सुपरवायझरना विचारलं, यांच्या अंगावर पंप कधी लावला होता? ते म्हणाले, “त्या प्रॉडक्शनमध्ये नाहीत. हाउसकीपिंगमध्ये आहेत, कंत्राटदाराकडून.”

माझ्याबरोबर एक जादा पंप असतो. तो मी मावशींना बांधला. त्यांना आधी वाटलं, काहीतरी चूक झाली म्हणून तपासणी चालली आहे. समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, “लावा बाई, पण काम थांबवायला सांगू नका.”

मग मी दिवा लावला. ही पद्धत जुनी आणि फार सोपी आहे: जोरदार झोत टाकणारा दिवा धुळीच्या पलीकडे ठेवायचा, आपण अलीकडून, झोत डोळ्यांत येणार नाही अशा बेताने बघायचं. खोलीतल्या साध्या उजेडात न दिसणारे बारीक कण झोतात उजळतात. त्या कोपऱ्यातले दोन दिवे बंद करून घेतले आणि मावशींना म्हटलं, नेहमीसारखी एक गोणी दाबा.

गुडघा टेकला आणि गोणीच्या तोंडातून पांढरा लोट उठला. तो त्यांच्या छातीवर आपटून वर चढला, चेहऱ्याभोवती फिरला आणि खाली न बसता तिथेच तरंगत राहिला. रिकाम्या म्हटलेल्या गोणीत, शिवणीत, घडीत किती पावडर उरते हे मला पाठ आहे, तरी इतका लोट मी अपेक्षिला नव्हता. सुपरवायझर दोन पावलं मागे सरले. काका मिक्सर सोडून आले आणि बराच वेळ बघत राहिले. “मी हिच्याकडेच टाकत होतो सगळं,” ते म्हणाले. तो दोष त्यांचा नव्हता. हूड बसवणाऱ्याने गोणी कापण्यापर्यंतचा विचार केला होता, त्यापुढच्या अर्ध्या मिनिटाचा केला नव्हता.

मावशी म्हणाल्या, “हे रोज असतं का?”

मी हो म्हणाले. अशा वेळी शब्द मऊ करणं मला पटत नाही.

त्यांनी बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला बारीक पुटकुळ्या होत्या. उन्हाळ्यात वाढतात, घामोळं असेल म्हणून घामोळ्याची पावडर लावते, म्हणाल्या. अँटिमनीच्या धुळीत काम करणाऱ्यांना घाम येतो त्या जागी असे फोड उठतात; वैद्यकात ही जुनी, नोंदलेली गोष्ट आहे. पण निदान करणं माझं काम नाही, म्हणून डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली आणि त्यात रसायनाचं पूर्ण नाव घातलं. हे नाव कळल्याशिवाय कुठलाही डॉक्टर घामोळ्याचंच मलम देणार.

जेवणाच्या सुट्टीआधी मी दोघांचे हात पुसून घेतले. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाळीची पट्टी तळव्यावरून, बोटांमधून फिरवायची आणि सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवायची. ही पावडर हवेतून जाते तशी हातातून तोंडातही जाते, आणि हवेच्या पंपाला ते कधीच कळत नाही.

पाळी संपताना आणखी एक गोष्ट दिसली. सगळे जण हवेचा पाइप घेऊन एकमेकांच्या कपड्यांवरची धूळ उडवत होते. घरी मुलं आहेत, असे कपडे कसे न्यायचे, म्हणून. हेतू इतका चांगला की थांबवताना जीव जड झाला. पण त्या झोताने बसलेली धूळ पुन्हा हवेत येते, ती सगळ्यांच्या नाकात जाते, आणि कापडाच्या विणीतली घरी जायची ती जातेच. कपडे धुण्याची सोय कारखान्यात होती, ती कायम कामगारांना. मावशींचा कपडा घरच्याच बादलीत.

प्रयोगशाळेचे आकडे आले. काका पुन्हा मर्यादेच्या खाली. मावशींचा पंप अर्ध्याच पाळीचा होता, तरी अँटिमनी मर्यादेच्या वर. हातांच्या पट्ट्यांत दोन्ही पावडरी सापडल्या आणि मावशींच्या हातावर त्या काकांच्या कित्येक पट होत्या.

यात हताश होण्यासारखं काही नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. स्वीडनमध्ये जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रं सुटी करणाऱ्या कामगारांच्या रक्तात पीबीडीई वाढलेले आढळले होते. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच कामगार सुट्टीवर गेले तेव्हा पातळी घसरली. डेकाचा तर रक्तातला अर्धा भाग साधारण पंधरा दिवसांत कमी होतो. कमी ब्रोमीनवाले काही भाऊबंद मात्र वर्षानुवर्षं चरबीत राहतात. थायरॉइडच्या संप्रेरकाशी या रेणूंचं साम्य असल्याने काळजी आहेच. पण धूळ रोखली की फरक पडतो.

व्यवस्थापनाने बरंच केलं. हूडला बाजूने तोंड काढून रिकामी गोणी आतल्या आतच पिशवीत दाबण्याची सोय झाली. झाडू जाऊन बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम आला. कपड्यांवर हवेचा पाइप मारणं बंद झालं. पावडरीऐवजी आधीच प्लास्टिकात घोळवलेला दाणा आणायचा, म्हणजे धूळ मुळातच कमी, हेही तपासून बघत आहेत. ते महाग पडतं, पण माझ्या मते खरा उपाय तोच.

अडलं आहे ते नोंदवहीपाशी. रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांची यादी असते. वैद्यकीय तपासणी, लघवीतलं अँटिमनी, थायरॉइडची चाचणी आणि धुतलेले कपडे त्या यादीतल्यांनाच. मावशींचं नाव तिथे घालावं असं मी अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं. उत्तर आलं, की ती जबाबदारी कंत्राटदाराची. कंत्राटदार म्हणतो, रसायन त्याचं नाही. मी दोघांनाही एकत्र पत्र पाठवलं आहे, सोबत दिव्याच्या झोतात काढलेला फोटो आणि दोन्ही पंपांचे आकडे शेजारी शेजारी. पुढची बैठक ठरली आहे. तिला मावशीही बसतील, एवढी अट मी घातली आणि ती मान्य झाली.