देश महासत्ता, मी सुरतला

मी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात इतिहास-राज्यशास्त्र शिकवतो. लोकांना वाटतं मास्तर म्हणजे खडू, फळा आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्ट्या. हल्ली निम्मा वेळ यू-डायस, म्हणजे शाळेची सगळी माहिती भरायचं सरकारी पोर्टल, आणि अपार आयडीत जातो. अपार म्हणजे 'एक देश, एक विद्यार्थी आयडी', बारा आकडी नंबर, कल्पना वाईट नाही, पण त्यासाठी जनरल रजिस्टरवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षराला अक्षर जुळावं लागतं. रजिस्टरला 'पावरा', आधारला 'पावारा'. बापाचं नाव एकीकडे खरं, दुसरीकडे गावात हाक मारतात ते. जन्मतारीख विचारू नका, पूर्वीच्या गुरुजींनी पोरांना सरसकट 1 जूनला जन्माला घातलंय, त्यातली काही आता पालक म्हणून माझ्यासमोर उभी असतात. दुरुस्तीला पालकाचं संमतीपत्र लागतं आणि पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत. गंमत म्हणजे देशातलं पहिलं आधार कार्ड वाटलं गेलं ते आमच्याच भागात, टेंभलीला, 29 सप्टेंबर 2010 ला, खुद्द पंतप्रधान आले होते. माझ्या वर्गातली पोरं तेव्हा रांगत होती नाहीतर जन्मायची होती.

असो, मुद्द्यावर येतो, कारण ते डोक्यातून जात नाहीये.

वरून पत्र आलं होतं, 'विकसित भारत 2047' वर निबंध घ्या, निवडक तालुक्याला पाठवा. दहावीच्या पोरांनी आणले. गठ्ठा उघडला आणि पाच-सहा वाचून खाली ठेवला. सगळ्यांची सुरुवात 'भारत हा विविधतेने नटलेला देश आहे'. मधे विश्वगुरू, मधे तरुणाई, शेवटी 'चला तर मग संकल्प करूया'. घरात जो मोबाईल असेल त्याला विचारायचं आणि उतरवून काढायचं. एका शहाण्याने तर शेवटची 'आणखी काही माहिती हवी आहे का?' ही ओळसुद्धा सुवाच्य अक्षरात उतरवली होती. पोरांना दोष देत नाही, आम्ही वर्षानुवर्षं असल्याच निबंधाला दहापैकी आठ देत आलोय.

त्या दिवशी राज्यशास्त्राचा शेवटचा धडा होता, 'भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने'. दहशतवाद, नक्षलवाद, भ्रष्टाचार, राजकारणाचं गुन्हेगारीकरण, सगळं मुद्देसूद. दुपारी जेवणानंतरचा तास, मागचे दोन बाक पेंगत होते. म्हटलं पुस्तकं बंद. वहीचं अर्धं पान फाडा, नाव टाकू नका, दोन प्रश्न. पहिला, 2047 ला देश कसा असेल. दुसरा, तेव्हा तुम्ही सदतीस वर्षांचे असाल, कुठे असाल, काय करत असाल. भाषा कुठलीही चालेल, अहिराणी, गुजर, पावरी, काहीही, पण लिपी आपली वापरा म्हणजे मला वाचता येईल. एकाने विचारलं, सर, शिवी चालेल का. म्हटलं, देशाला नको.

चिठ्ठ्या गोळा करून टेबलावर पसरल्या आणि वर्गात उभ्याउभ्याच वाचायला लागलो, तर पहिल्या उत्तराची ओळ जवळपास सगळीकडे एकच. देश महासत्ता होईल, जगात एक नंबर होईल, बुलेट ट्रेन असेल, चंद्रावर माणूस जाईल. एकही पोरगं म्हणालं नाही की देशाचं वाईट होईल. आणि त्याच कागदावर दुसरं उत्तर: 'सुरतला कंपनीत'. 'बारडोलीला मुकादम'. 'पपईचा भाव मिळाला तर शेतात, नाहीतर सुरत'. 'नर्स, वापीला'. 'लग्न झालेलं असेल, कुठे ते पप्पांना माहीत'. एकाने लिहिलं होतं, 'देशसेवा चार वर्ष, मग परत घरी'. तो अग्निवीरची तयारी करणारा, हे मला अक्षरावरून कळलं. पहाटे डोंगरगाव रस्त्याला पळणाऱ्या टोळक्यात असतो. चार वर्षांनी चारातल्या एकालाच कायम ठेवतात हा हिशेब त्याला पाठ आहे आणि आपण उरलेल्या तिघांत असणार हे त्याने स्वतःच ठरवून टाकलंय.

एक चिठ्ठी अहिराणीत होती, ती वर्गात मोठ्याने वाचली: 'देश भारी व्हई सर, पन माले नोकरी भेटी का?' अख्खा वर्ग हसला. मग मीच विचारलं, का रे, देश एक नंबर होणार आणि तुम्ही सगळे तिथेच कसे? हे कसं जुळतं?

वर्गाला प्रश्नच कळला नाही. खरंच सांगतो, त्यांना त्यात न जुळण्यासारखं काही दिसतच नव्हतं. पुढच्या बाकावरची एक हुशार मुलगी मला समजावण्याच्या सुरात म्हणाली, "सर, पहिला प्रश्न देशाचा होता ना. दुसरा आपला होता."

मी तिथेच थांबायला हवं होतं की नाही माहीत नाही, पण गाडी पुढे गेली. मी म्हटलं, बरं, देश म्हणजे कोण मग? वरच्या आळीतला एक म्हणाला, मोदी. एक म्हणाला, दिल्ली-मुंबई. लगेच दुसरा, मुंबई कोणी पाहिली रे, आपलं सगळं सुरतेला. आणि हे खरंच आहे. दवाखाना मोठा असला की सुरत, लग्नाचा बस्ता सुरत, कामाला सुरत. शहाद्याला रेल्वे नाही, नंदुरबारला जाऊन गाडी धरली की ती सुरतेकडे न्यायला कायम तयार, आणि मुंबईला जायचं म्हटलं तरी आमच्याकडून बरेचसे लोक सुरतवरूनच जातात. 1 मे 1960 ला रेषा आखली गेली, पण पोटाला कुठे ती रेषा कळते.

मग मला शिरीषकुमार आठवला. म्हटलं, नंदुरबारचं हुतात्मा स्मारक सगळ्यांनी पाहिलंय, कोण होता तो? 9 सप्टेंबर 1942, हातात झेंडा, पोलिसांची गोळी, हे सगळ्यांना पाठ, दरवर्षी भाषणं होतात. वय? पंधरा. म्हणजे तुमच्याएवढाच. तो घोषणा कुठली देत होता? शांतता. मी म्हणून दाखवली, 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनु'. एकजण दचकून म्हणाला, सर, ही तर गुजराती! घरची भाषा गुजराती होती त्याची, म्हटलं. आता सुरू झाली खरी मारामारी. मग तो आपला कसा? का, आपल्या वर्गातले गुजर घरी काय बोलतात? आम्ही अहिराणी, मग आम्ही तरी मराठी का? आणि मागच्या बाकावरून, जिथून सहसा आवाज येत नाही, तिथून एक पावरा आदिवासी मुलगी उभी राहिली. म्हणाली, तुम्ही सगळे खान्देशी खान्देशी करता, आम्ही सातपुड्यातले आहोत, आमचं काय? पुढच्या बाकावरचा एक चटकन बोलला, तुमचं आरक्षण आहे ना. वर्ग परत हसला, यावेळी वेगळं हसू. मी त्याला झापलं, पण झापल्याने काही होत नाही हे इतक्या वर्षांत कळलंय. तो घरी ऐकतो तेच बोलतो. आणि ती मुलगी बसली नाही. उभीच राहिली आणि म्हणाली, "मी लिहिलंय सर. मला इथेच शिक्षिका व्हायचंय, धडगावला. सुरत नाही लिहिलं." चिठ्ठ्या निनावी होत्या, तिने नाव सांगून टाकलं.

शेवटची जी चिठ्ठी हाती आली तिच्यावर पहिल्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. रेघ मारलेली. दुसऱ्याला एकच वाक्य, पेन्सिलने, दोनदा खोडून लिहिलेलं: 'आमचं गाव पाण्यात आहे'.

कोणाची ते मला लगेच कळलं. पुनर्वसन वसाहतीतून येणारा एकच पोरगा आहे त्या तुकडीत. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची 33 गावं गेली, सगळी आमच्याच जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुव्याची. लोकांना खाली तळोदा-शहाद्याकडे वसाहतींमधे आणलं. पोरगा जन्मला वसाहतीत, ते गाव त्याने पाहिलेलं असणं शक्यच नाही. धरणाची उंची, वीज, वाटा कुणाला किती, मी भूगोलवाल्यांपेक्षा चांगलं सांगू शकतो, 138.68 मीटर हा आकडा मला झोपेतही येतो. पण मी विचारलं होतं, 2047 ला कुठे असशील, आणि त्याने ते सांगितलं. देशाचं काय होणार याची त्याला काळजी नाही असं नव्हे, देशाच्या भविष्यासाठी आजोबांनी एकदा देऊन झालंय, त्यापुढे त्याला लिहायला काही सुचलं नसावं. हे माझं म्हणणं. त्याला मी विचारलं नाही. ती चिठ्ठी वर्गात वाचलीही नाही, घडी घालून खिशात टाकली, आणि घंटा झाली.

स्टाफरूममधे गणिताचे सर म्हणाले, तुम्ही इतिहासवाल्यांना रिकामा वेळ फार. मराठीच्या मॅडमना चिठ्ठ्या दाखवल्या, त्यांनी सगळ्यात आधी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, मग म्हणाल्या, हे निबंधात लिहिलं असतं तर किती छान झालं असतं. म्हटलं मॅडम, निबंधात लिहिलं असतं तर तुम्ही मार्क कापले असते. त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. मुख्याध्यापकांना काळजी वेगळीच, वर्गात जातीवरून काही झालं का, पालक येतील का, कुणी मोबाईलवर शूट तर केलं नाही ना. त्यांचंही चूक नाही म्हणा, वर उत्तर त्यांना द्यावं लागतं.

तालुक्याला निबंध पाठवायची मुदत होती. मी दोन चिठ्ठ्या जोडायचा विचार केला होता, पण पत्रात शब्दमर्यादा 500 आणि 'स्वहस्ताक्षरात, शीर्षकासह'. शेवटी समितीने जो निबंध निवडला तो विविधतेने नटलेलाच होता, अक्षर मोत्यासारखं. ज्याचा निवडला तो पोरगा पपईवाल्यांचा, चांगला आहे. त्याची चिठ्ठीही मला ओळखू येते, 'पपईचा भाव मिळाला तर शेतात'. निबंधात शेतीवर एक शब्द नाही.

मला अडतंय ते इथे. ही पोरं खोटं बोलत नाहीयेत. देश महासत्ता होणार हे त्यांना मनापासून वाटतं, आणि आपल्याला सुरतला जावं लागणार हेही तितकंच मनापासून वाटतं, आणि दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. देश त्यांच्यासाठी क्रिकेटच्या टीमसारखा झालाय, जिंकला तर नाचायचं, खेळायचं मात्र नाही. त्याला भूगोल, इतिहास, राज्यशास्त्र, तिन्ही विषय जबाबदार आहेत, आणि टीव्ही, आणि आमची सगळी 15 ऑगस्टची भाषणं.

पुढच्या आठवड्यात याच तुकडीला नवीन काम देणार आहे, 'शहादा तालुका, 2047'. देश अजिबात आणायचा नाही. फक्त गाव, रस्ता, बस, दवाखाना, शाळा, पाणी, आणि कोण कोण इथे राहिलेलं असेल त्यांची नावं. ती पावरा मुलगी म्हणाली, धडगाव धरलं तर चालेल का, तालुका वेगळा आहे. म्हटलं चालेल. वसाहतीतला पोरगा काही बोलला नाही. पपईवाल्याने हात वर केला, सर, याला मार्क आहेत का? अंतर्गत मूल्यमापनाच्या वीसातले धरतो, म्हटलं. मग सगळ्यांनी वह्या काढल्या.