डिसेंबरातली लावणी

१३ डिसेंबर, शनिवार. न्यू जर्सी.

आज दुपारी एकदाचे ट्युलिप लावून झाले. घराचा ताबाच नोव्हेंबरअखेरीला मिळाला, त्यामुळे यंदा कंद लावायला मिळतील असं वाटलं नव्हतं. इथे त्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुकानात ख्रिसमसची झाडं आली होती आणि उरलेल्या कंदांच्या जाळीच्या पिशव्या निम्म्या किमतीत कोपऱ्यात पडल्या होत्या. मला राहवेना. दाबून बघत टणक, हाताला जड लागणाऱ्या पिशव्या निवडल्या.

घरी आल्यावर एक कंद बुडाशी मऊ निघाला. टाकण्याआधी सुरीने उभा चिरला. वर तपकिरी साल, आत कांद्यासारखे पांढरे रसदार पापुद्रे आणि मधोमध पिवळसर हिरवा कोंब. तो नखाने उलगडला, तर चिमुकल्या पानांच्या आत कळी! पाकळ्या, पुंकेसर, सगळं जागच्या जागी. उन्हाळ्यातच ती आत तयार झालेली असते. आता तिला हवी फक्त थंडी, साधारण नऊ अंशांखाली १२ ते १६ आठवडे. ती मिळाली नाही तर दांडा नीट वाढत नाही, फूल पानांतच अडकतं. आज लावले तरी मार्चअखेरपर्यंत तेवढे आठवडे भरतात.

म्हणूनच हंगाम गेला म्हणून कंद पिशवीत ठेवून देणं मला पटत नाही. पुढच्या वर्षापर्यंत ते सुकून पोकळ होतात. जमिनीत खुरपं शिरतंय तोवर लावून टाकावेत. ट्युलिपला तर उशीर मानवतोसुद्धा. माती गार झाल्यावर लावले की ट्युलिप फायर नावाच्या बुरशीचा धोका कमी होतो. डॅफोडिलचं तसं नाही. त्याला थंडीआधी मुळं धरायला वेळ लागतो, ते पुढच्या सप्टेंबरात.

वरची दोन बोटं माती कडक झाली होती, खाली मात्र छान भुसभुशीत. सहा-सात इंच खोल खड्डे, कंदाचं टोक वर. माती उकरलेली दिसली की खारी येतातच, म्हणून वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी अंथरून विटा ठेवल्या.

संध्याकाळी सांगलीला फोन केला. तिकडे पहाट, आई उठलेलीच असते. ती निशिगंधाचे कंद ऐन उन्हाळ्यात लावते, त्यामुळे तिला काळजी. "अगं, एवढ्या थंडीत? गारठून जातील की ते!" मग तिला त्या कळीचं सांगितलं. लगेच म्हणाली, "मग इथं फ्रीजमध्ये ठेवून लावले तर?" लोक तसंही करतात, फक्त सफरचंदांजवळ ठेवायचे नाहीत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने आतली कळी मरते. हे ऐकल्यावर तिने फळं दुसऱ्या कप्प्यात हलवायचं ठरवूनच टाकलं.

क्रोकसची एक पुडी राहिलीय. त्यांना तीन इंच खड्डा पुरतो. उद्या ऊन आहे म्हणतात, जेवणाआधी लावून घेईन.