सन ऑफ स्वेनगूली, चॅनल ३२: टेप उतरवण्याच्या कामाची नोंद ३

स्थिती: ‘सन ऑफ स्वेनगूली’ या शिकागोच्या टीव्हीवरच्या भयपट-कार्यक्रमाच्या, घरी भरलेल्या १४ व्हीएचएस टेपपैकी ९ संगणकात उतरवून झाल्या. दोन बुरशीमुळे बाजूला ठेवल्यात, एकीचं कवच फुटलंय, आणि उरलेल्या दोन ईपी वेगात (सर्वात संथ, म्हणजे एका टेपवर जास्त तास मावतात) भरलेल्या आहेत. सगळ्यात जास्त वेळ या दोनच खाणार.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. शिकागोच्या डब्ल्यूएफएलडी वाहिनीवर १९७० ते १९७३ जेरी जी. बिशप स्वेनगूली बनून शवपेटीतून उठायचे आणि रात्रीचा भयपट दाखवायचे. त्यांना विनोद लिहून पाठवणारे रिच कॉझ १९७९ मध्ये ‘सन ऑफ स्वेनगूली’ झाले आणि १९८६ च्या सुरुवातीपर्यंत त्याच वाहिनीवर राहिले. व्हीएचएस अमेरिकेत १९७७ मध्ये आलं, त्यामुळे घरी भरलेल्या आपल्या सगळ्या टेप कॉझ यांच्या काळातल्या आहेत. बिशप यांच्या काळातला नुसता आवाज जरी कुठे ऑडिओ कॅसेटवर मिळाला तरी तो सोन्यासारखा जपायचा.

वाचवायचं काय, हे आधी पक्कं हवं. चित्रपट डिस्कवर मिळतो. मधले सूत्रधाराचे तुकडे, वाहिनीच्या पट्ट्या आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती मिळत नाहीत. आणि नेमकं तिथेच टेप भरणाऱ्याचं बोट पॉजवर जायचं. जाहिरात संपल्यावर पॉज सोडायला उशीर झाला की स्वेनगूलीचं पहिलं वाक्य गेलं. म्हणून एकाच भागाच्या दोन घरांतल्या टेप मिळाल्या तर दोन्ही उतरवा. एकीतलं भगदाड दुसरीने भरतं. चित्रपटाचा भाग ‘तो तर आहेच’ म्हणून कापू नका. चालू दृश्यात कॉझ आपले आवाज आणि शेरे घुसवायचे, ते दुसरीकडे कुठेच नाहीत.

पॉजची जागा तांत्रिकदृष्ट्याही वाईट. तिथे सिंक (चित्राची लय सांभाळणारा संकेत) तुटतो, कॅप्चर कार्ड (संगणकात चित्र घेणारं कार्ड) काही फ्रेम गाळतं आणि आवाज-चित्राचा मेळ सुटतो. ३० फ्रेम गेल्या की जवळजवळ १ सेकंदाचा फरक, आणि विनोदाची वेळ गेली. डेकमधला (टेप चालवणाऱ्या व्हीसीआरमधला) लाइन टीबीसी, म्हणजे ओळींची वेळ सुधारणारा भाग, थरथर काढतो, पण हा खड्डा बुजवत नाही. डेक आणि कार्डाच्या मध्ये वेगळा फ्रेम टीबीसी (पूर्ण फ्रेमची वेळ सुधारणारं यंत्र) लावल्यावर गाळलेल्या फ्रेमचा आकडा शेवटपर्यंत ० राहिला. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा कायम डोळ्यांसमोर ठेवा.

प्रत्येक टेपसाठी क्रम असा: थंड जागेतून आणली असेल तर २४ तास खोलीत ठेवायची. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून गुंडाळीच्या कडा बघायच्या. पांढरी भुकटी दिसली तर ती टेप चांगल्या डेकमध्ये घालायचीच नाही, कारण तीच बुरशी हेडवरून पुढच्या टेपला लागते. रेकॉर्डिंगची प्लास्टिकची पट्टी मोडलेली नसेल तर मोडायची, म्हणजे चुकून वरून काही भरलं जात नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे, म्हणजे ताण सारखा होतो. कवच बदलताना खालचे ५ स्क्रू काढा, टेप मार्गावरून कशी फिरते याचा आधी फोटो घ्या, आणि चकत्यांना कडेने धरा. टेपच्या पृष्ठभागाला बोट लागता कामा नये. दर ३-४ टेपनंतर हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमी चामड्याने पुसा. चामडं स्थिर धरून ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं.

डेक एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) चालवणाराच हवा. भारतातल्या घरचा फक्त पाल (भारतातली टीव्ही पद्धत) चालवणारा जुना व्हीसीआर या कामाला चालत नाही.

ईपी टेपचं दुखणं वेगळं. टी-१२० या नेहमीच्या कॅसेटमध्ये एसपी या साध्या वेगात २ तास मावतात, ईपीत ६. तेवढ्यासाठी ट्रॅकची रुंदी सुमारे ५८ मायक्रॉनवरून १९ वर येते, त्यामुळे भरणाऱ्या डेकची आणि आपल्या डेकची मांडणी जराही जुळली नाही तर चित्र पट्ट्यापट्ट्यांनी फाटतं. आधी ऑटो ट्रॅकिंग (हेड आपोआप ट्रॅकवर आणणारी सोय) बंद करून हाताने जुळवा. न जमल्यास दुसऱ्या बनावटीचा डेक लावून बघा. एका डेकने नाकारलेली टेप दुसऱ्यात नीट चालू शकते. आवाज बोदा असेल तर ऑडिओ हेडचा अ‍ॅझिमथ (टेपशी हेडचा कोन) ठरवणारा स्क्रू पाव फेऱ्याच्या आत फिरवून बघा. मूळ जागेवर आधी पेनाने खूण करा, ‘स’ आणि ‘श’ सर्वात स्वच्छ ऐकू येतात तिथे थांबा, काम झालं की स्क्रू खुणेवर आणा. शेजारच्या उंचीच्या आणि कलण्याच्या स्क्रूंना हात लावू नका.

कॅप्चर ७२० बाय ४८०, ४:२:२ (रंगाचा तपशील उजेडाच्या निम्मा), इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डची). बिनदाबाचं ठेवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. लॉसलेस कोडेकमध्ये (काहीही न गमावता दाबणाऱ्या पद्धतीत) साधारण निम्म्यात भागतं. उजेड-काळोखाची पातळी ठरवताना जाहिरातीवर ठरवू नका, शवपेटीच्या दृश्यावर ठरवा: काळी उंच टोपी, काळा कोट, डोळ्यांभोवतीचं काळं. टोपीची कड मागच्या अंधारापासून वेगळी दिसली पाहिजे आणि चेहऱ्यावरचा उजेड २३५ (० ते २५५ च्या मापात पांढऱ्याची मर्यादा) च्या वर जाता कामा नये.

आता सर्वात जास्त चुकणारी गोष्ट. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, वाहिनीने ३:२ पुलडाउन करून, म्हणजे त्याच्या फ्रेम आळीपाळीने ३ आणि २ फील्डांवर पसरून, दाखवलेला. सूत्रधाराचे तुकडे मात्र व्हिडिओवर चित्रित, सेकंदाला ५९.९४ फील्डचे. पूर्ण फाइल पुलडाउन उलटवून २४ फ्रेमवर आणली की स्वेनगूली अडखळत चालतो. मूळ कॅप्चरवरून बनवलेल्या पाहण्याच्या प्रतीत सगळंच ५९.९४ फ्रेमला न्या, क्यूटीजीएमसी या डीइंटरलेसरने (फील्डांपासून पूर्ण फ्रेम बनवणाऱ्या साधनाने). चित्रपटाच्या फ्रेम दोनदा-तीनदा येतात, त्याने बिघडत काही नाही.

तपासणीसाठी रबरी कोंबड्यांसारखं दृश्य नाही. वाईट विनोदावर पडद्याबाहेरून त्यांचा मारा होतो तिथे एकेक फ्रेम पुढे सरकवा. कोंबडी सलग एका दिशेने गेली तर फील्डचा क्रम बरोबर. पुढे-मागे उड्या मारत असेल तर क्रम उलटा आहे. कडेला कंगव्याचे दात दिसले तर डीइंटरलेस झालेलंच नाही.

तळाच्या ओळींमधली हेड स्विचिंगची (एका हेडवरून दुसऱ्यावर जातानाची) खरखर मूळ फाइलमध्ये राहू द्या, पाहण्याच्या प्रतीतच झाका. रंगाचं नॉइज रिडक्शन पूर्ण बंद. विशेषतः १९८२ च्या थ्री-डी प्रक्षेपणाची टेप कुणाकडे निघाली तर: व्हीएचएसवर रंगाचा तपशील मुळातच थोडा, लाल-निळ्या कडा आणखी पसरल्या की चष्मा लावूनही खोली दिसत नाही.

पुढचं काम: फुटक्या कवचाची टेप आधी, मग दोन ईपी. बुरशीच्या दोघींसाठी फक्त त्याच कामाला ठेवलेला, बंद पडला तरी चालेल असा एक जुना डेक हवा आहे.