ज्वालामुखीचा दगड सिमेंटमध्ये चालतो, पण कुठला?

ज्वालामुखीचा दगड दळून सिमेंटचा काही भाग वाचवता येतो हे हल्ली बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे, पण एक मुद्दा त्यात कायम सुटतो. दगड ज्वालामुखीतून आलाय एवढ्याने भागत नाही, तो गार कसा झाला ते बघावं लागतं.

लाव्हा सावकाश गार झाला की खनिजांचे स्फटिक नीट बनतात. असा काळा बेसाल्ट खडी म्हणून एक नंबर, पण त्याची पूड सिमेंटमध्ये घातली तर बरीचशी नुसतीच भर म्हणून पडून राहते. स्फोटात उडालेली राख, प्युमिस म्हणजे फेसासारखा हलका दगड, त्या राखेचाच दगड झालेला टफ, हे मात्र इतकं झटकन गार होतं की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि सिलिका काचेच्या रूपात अडकते. कामाची आहे ती ही काच.

का, तर सिमेंटला पाणी लागलं की धरून ठेवणारा बाइंडर बनतोच, पण सोबत चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडही भरपूर सुटतो. ताकदीला त्याचा फारसा उपयोग नाही, उलट तो पाण्याबरोबर झिरपतो, काँक्रीटवर पांढरे ओघळ दिसतात ना, ते बहुतेक वेळा त्याचेच. काचेची बारीक पूड हा चुना खाते आणि त्यातून परत बाइंडरच बनतो, बारीक छिद्रं बुजतात, माती-पाण्यातल्या सल्फेटने काँक्रीट खराब होण्याचा त्रास कमी होतो. रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीची राख चुन्यात मिसळून हेच केलं. शिवाय क्लिंकरसाठी, म्हणजे जे दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या गोळ्यांसाठी, भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते आणि चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळाच, इथे बहुतेक वेळा वाळवणं आणि दळणं एवढंच, म्हणून मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो.

पण घाई करून चालत नाही. ही रिॲक्शन संथ असते, ७ दिवसांचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) फोडले की आकडा कमी दिसतो आणि लोक घाबरतात, ५६ किंवा ९० दिवसांचा आकडा बघा, आणि तोवर क्युरिंगमध्ये, म्हणजे ओलं ठेवण्यात, कुचराई नको कारण पाणी संपलं की रिॲक्शन थांबली. दुसरं म्हणजे प्युमिसचे कण खडबडीत आणि सच्छिद्र, पाणी पितात, मिक्स घट्ट वाटतं, मग कोणीतरी वरून पाणी ओततो आणि सगळी ताकद तिथेच जाते. तिथे सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता मिक्स सैल करणारं रसायन, वापरा, पाणी नाही.

आणि दगड घेण्याआधी टेस्ट. अमेरिकन स्टँडर्ड एएसटीएम सी ६१८ मध्ये २० टक्के सिमेंट बदलून ७ किंवा २८ दिवसांना मूळ मिक्सच्या निदान ७५ टक्के ताकद मागतात, पण निव्वळ भर असलेली बारीक पूडही कधीकधी यात पास होते. म्हणून सोबत एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिक ओळखणारी तपासणी) करून काच आहे का ते बघा आणि साध्या क्वार्ट्झच्या पुडीचे, म्हणजे नुसतीच भर असलेले, क्यूबही शेजारी टाका. ९० दिवसांनी दोन्हींचे आकडे सारखेच आले, तर तो दगड खडीलाच वापरा.